एकाच कनेक्शनवर दोन्हीकडून कॉल: एजंट ६० सेकंद गोठतो आणि मग काही झालंच नाही असा चालू होतो

अडकित्ता:

प्रश्न लांबलाय, आधीच माफी. पण अर्धवट सांगितलं की पहिला प्रतिसाद "नीट सांगा" असा येतो, म्हणून सगळंच सांगते.

आमचं एक एजंट सॉफ्टवेअर आहे. ते ग्राहकांच्या मशीनवर बसतं, डिस्क, मेमरी, सर्व्हिसेस यांवर लक्ष ठेवतं आणि मध्यवर्ती सर्व्हरला कळवतं. सध्या ३४० मशीन आहेत. पूर्वी सगळं एकतर्फी होतं. एजंटने सर्व्हरचं फंक्शन बोलवायचं, सर्व्हरने उत्तर द्यायचं, संपलं. सर्व्हरला एजंटकडून काही हवं असेल तर एजंट दर ३० सेकंदांनी "माझ्यासाठी काही काम आहे का?" असं विचारायचा तेव्हाच ते मिळायचं. म्हणजे आमचा सर्व्हर सेकंदाला अकरा वेळा "नाही" म्हणत बसायचा, दिवसरात्र. पण चालत होतं. मग मागणी आली की स्क्रीनवर बटण दाबलं की त्या मशीनचा लॉग लगेच दिसला पाहिजे. ३० सेकंद म्हणजे "लगेच" नव्हे, असं मला समजावण्यात आलं.

पहिला प्रयत्न भाबडा होता. एजंटमध्येच एक छोटा सर्व्हर टाकला आणि पोर्ट उघडलं. नोंदणी करताना एजंट आपला पत्ता आणि पोर्ट कळवणार, सर्व्हर गरज पडेल तेव्हा तिकडे जोडणार. आमच्याकडे चाचणीत सुरेख चाललं. बाहेर टाकलं तेव्हा ३४० पैकी ९ मशीनपर्यंत पोचता आलं. बाकीच्यांनी आपला पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा, म्हणजे त्यांच्या आतल्या नेटवर्कपुरताच चालणारा, कळवला होता. तो घेऊन आमचा सर्व्हर काय करणार, कपाळ?

आता दुसरा प्रयत्न चालू आहे. एजंटने उघडलेलं टीसीपी कनेक्शन उघडंच ठेवायचं आणि त्यावरूनच दोघांनी एकमेकांची फंक्शनं बोलवायची. मेसेज जेसनमध्ये असतो, त्याच्या आधी चार बाइटमध्ये त्याची लांबी. प्रत्येक मेसेजला आयडी आहे, दोन्हीकडे १ पासून सुरू होतो. पाठवलेल्या कॉलचा आयडी मी एका यादीत ठेवते. मेसेज आला की बघायचं, हा आयडी माझ्या यादीत आहे का? असेल तर ते उत्तर, नसेल तर समोरच्याची नवी विनंती. प्रत्येक कनेक्शनला एक थ्रेड (प्रोग्रॅममध्ये स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा) आहे. तो मेसेज वाचतो आणि लगेच त्याचा हँडलर, म्हणजे ते काम करणारं फंक्शन, चालवतो.

दोन त्रास होतात. पहिला गोठण्याचा. एजंट अहवाल पाठवतो. अहवालातली कॉन्फिगची आवृत्ती सर्व्हरकडच्या नोंदीपेक्षा वेगळी निघाली की सर्व्हर तिथल्या तिथे एजंटकडून कॉन्फिग मागवतो. अशा वेळी हे होतं:

१४:०२:११.०४ एजंट → सर्व्हर: अहवाल_पाठव, आयडी ५१८
१४:०२:११.०९ सर्व्हर → एजंट: कॉन्फिग_दे, आयडी ७७
१४:०२:११.१० एजंट → सर्व्हर: उत्तर, आयडी ७७
१४:०३:११.०९ सर्व्हर: कॉन्फिग_दे, आयडी ७७, टाइमआउट
१४:०३:११.०९ सर्व्हर → एजंट: अहवाल_पाठव चुकला, आयडी ५१८
१४:०३:११.१० सर्व्हर: विनंती आली, आयडी ७७, फंक्शनचं नाव रिकामं

वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणारं साधन) लावून पाहिलं. उत्तराचं पॅकेट सर्व्हरपर्यंत वेळेत पोचलंय, त्याची पोच परत गेलीय. म्हणजे नेटवर्कचा दोष नाही. तरी मधले ६० सेकंद एजंट मेल्यासारखा.

दुसरा त्रास क्वचित होतो, पण जास्त भीतिदायक आहे. सर्व्हरने डिस्कची माहिती मागितली आणि १० मिलिसेकंदात रिकामं उत्तर आलं. एजंटच्या लॉगमध्ये मात्र त्याने नीट भरलेलं उत्तर पाठवल्याची नोंद आहे. हे तीन आठवड्यांत चार वेळा झालं. मुद्दाम घडवून आणता येत नाही.

टाइमआउट ६० वरून १२० केला, तर एजंट १२० सेकंद गोठायला लागला. इथे माझी बुद्धी संपली.


तिरकस:

चाक पुन्हा का शोधताय? जीआरपीसी (दुसऱ्या मशीनवरची फंक्शनं बोलवायची तयार व्यवस्था) घ्या, त्यात दोन्ही बाजूंचं स्ट्रीमिंग आयतं आहे. २०१५ पासून सगळं जग वापरतंय. तुमचा जेसन-आधी-चार-बाइट प्रकार बघून डोळे पाणावले.


जुना खांब:

अडकित्ता, लॉग दिलात त्याबद्दल आधी आभार. त्या सहा ओळींतच उत्तर आहे.

तुमचा एजंट गोठतच नाही. गोठतो सर्व्हर. शेवटच्या तीन ओळींचा क्रम पुन्हा बघा. ७७ चं उत्तर ११.१० ला पोचलं, पण सर्व्हरने ते वाचलं एका मिनिटाने, तेही अहवालाचा हँडलर चूक परत करून मोकळा झाल्यानंतर. मधल्या वेळात ते बाइट कर्नलच्या बफरमध्ये पडून होते. वायरशार्कला दिसलेली पोच कर्नलने दिलेली आहे, तुमच्या प्रोग्रॅमने नाही.

या कनेक्शनवरून वाचणारा थ्रेड एकच. त्याने अहवाल वाचला आणि स्वतःच हँडलर चालवायला घेतला. हँडलरने एजंटला कॉन्फिग मागितली आणि उत्तराची वाट बघत बसला. ते उत्तर वाचणार कोण? तोच थ्रेड. स्वतःच्याच येण्याची वाट बघत दाराशी उभा राहिलेला माणूस. टाइमआउट वाढवून तुम्ही त्याला आणखी एक मिनिट उभं केलंत, इतकंच.

यात लाजण्यासारखं काही नाही. एडिटर आणि लँग्वेज सर्व्हर (एडिटरला कोडबद्दल माहिती पुरवणारा प्रोग्रॅम) यांच्यातला एलएसपी हा प्रोटोकॉल २०१६ मध्ये आला, तोही जेसन-आरपीसीवर, म्हणजे जेसनमधून फंक्शनं बोलवायच्या पद्धतीवर. त्यात अगदी हाच आकार आहे. एडिटर सर्व्हरला 'वर्कस्पेस/एक्झिक्यूटकमांड' पाठवतो. ते हाताळता हाताळता सर्व्हर उलट एडिटरला 'वर्कस्पेस/अप्लायएडिट' पाठवतो, त्याचं उत्तर येईपर्यंत थांबतो आणि मग मूळ विनंतीला उत्तर देतो. स्वतःचा लँग्वेज सर्व्हर एका थ्रेडवर लिहायला घेतलेला माणूस या खड्ड्यात एकदा तरी पडतोच.

उपाय: वाचणाऱ्या थ्रेडला फक्त टपाल निवडू द्या. उत्तर असेल तर त्याची वाट बघणाऱ्याला तिथल्या तिथे देऊन टाकायचं. विनंती असेल तर रांगेत टाकायची, दुसरे कामगार थ्रेड ती उचलतील. वाचणाऱ्याने हँडलर चालवायचा नाही, लॉकसाठी (एका वेळी एकाच थ्रेडला डेटा हाताळू देणारं कुलूप) थांबायचं नाही, डेटाबेसला हात लावायचा नाही.

आता दुसरा त्रास. विनंती की उत्तर हे तुम्ही आयडीवरून ठरवता, तिथे माशी शिंकलीय. दोघेही १ पासून मोजतात. सर्व्हरने ४१ क्रमांकाने डिस्कची माहिती मागितली आणि एजंट त्याचं उत्तर तयार करत असतानाच त्याच्याकडून स्वतःचा ४१ नंबरचा कॉलही निघाला, तो उत्तराच्या आधी सर्व्हरकडे पोचला. सर्व्हरला ४१ दिसला, यादीत सापडला, त्याने तो उत्तर म्हणून घेतला. आत निकाल नाहीच, म्हणून रिकामा. मागून आलेलं खरं उत्तर मग "विनंती" ठरून फेकलं गेलं. एजंटचे आयडी सर्व्हरच्या पुढे पळतात म्हणून हे क्वचित जुळतं. पुन्हा जोडणी झाल्यावर दोघे परत १ वर येत असतील, तर तेव्हाच्या पहिल्या काही सेकंदांत शोधा. चारही प्रसंग तिथेच सापडतील अशी माझी पैज.

मेसेजचा प्रकार मेसेजमध्येच लिहा. सन आरपीसीत (दूरची फंक्शनं बोलवायचा जुना प्रोटोकॉल) १९८८ पासून हेच आहे. ३२ बिटांचा व्यवहार क्रमांक, आणि त्याच्या पाठोपाठ ० म्हणजे कॉल, १ म्हणजे उत्तर. मग दोन्ही दिशांचे क्रमांक सारखे आले तरी बिघडत नाही. कोर्बा या दूरच्या कॉलांच्या आणखी एका जुन्या व्यवस्थेवाल्यांनी त्यांच्या जीआयओपी १.२ प्रोटोकॉलमध्ये दोन्हीकडचे कॉल एका कनेक्शनवर आणले, तेव्हा दुसरी वाट धरली. कनेक्शन उघडणाऱ्याने सम आयडी वापरायचे, दुसऱ्याने विषम. एचटीटीपी/२ मध्ये स्ट्रीमचे क्रमांक याच्या उलट, क्लायंटचे विषम. मी म्हणेन दोन्ही करा. प्रकार लिहा आणि सम-विषमही पाळा. लॉग वाचताना आयडी बघताक्षणी कळतं की कॉल कोणाचा.

तिरकस, डोळे पुसा. जीआरपीसीत "दोन्ही बाजूंचं" आहे ते स्ट्रीमिंग. कॉल नेहमी क्लायंटच सुरू करतो. सर्व्हरला क्लायंटचं फंक्शन नाव घेऊन बोलावता येत नाही. क्लायंटने एक लांबलचक कॉल उघडून ठेवायचा आणि त्या नळीतून सर्व्हरने "लॉग दे, आयडी अमुक" असे मेसेज पाठवायचे, म्हणजे आयडी, यादी, टाइमआउट हे सगळं पुन्हा आपणच लिहायचं. एनकोडिंग आणि टीएलएस आयतं मिळतं, हा फायदा मान्य. पण यांचा बग तिथेही जसाच्या तसा लिहिता येईल.

जाता जाता, पहिल्या प्रयत्नाबद्दल. तुम्ही भाबडा म्हणालात, पण ती चूक फार मोठ्या लोकांनी केलीय. एनएफएसची, म्हणजे नेटवर्कवरून फाइल वापरायच्या प्रोटोकॉलची, ४.० आवृत्ती २००३ मध्ये ठरली. त्यात सर्व्हर क्लायंटला एखादी फाइल "तूच सांभाळ" म्हणून सोपवू शकतो, त्याला डेलिगेशन म्हणतात. दुसऱ्या कोणाला ती फाइल हवी झाली की सर्व्हर पहिल्याला कॉल करून ती परत मागतो. हा उलटा कॉल करायला सर्व्हर क्लायंटकडे वेगळं कनेक्शन उघडायचा, क्लायंटने दिलेल्या पत्त्यावर. तुमचंच डिझाइन.

मी तेव्हा एका ठिकाणी असले फाइल सर्व्हर सांभाळत होतो. तक्रार अशी यायची की अमुक फाइल उघडायला कधीकधी दीड मिनिट लागतं, एरवी एका क्षणात उघडते. डिस्क बदलल्या, स्विच बदलला, माणसं बदलली. कारण निघालं ते असं: एका क्लायंटला डेलिगेशन मिळाल्यानंतर मधल्या फायरवॉलचे नियम कोणीतरी घट्ट केले होते. सर्व्हर फाइल परत मागायला जायचा, फोन लागायचा नाही, आणि लीजचे (ताब्याच्या मुदतीचे) ९० सेकंद संपल्यावर जबरदस्तीने ताबा काढून घ्यायचा. तोवर दुसरा माणूस ताटकळत. नवं डेलिगेशन देताना सर्व्हर आधी उलटी वाट चालते का ते तपासतो आणि चालत नसेल तर देतच नाही. त्यामुळे बाकी क्लायंट नुसते थोडे संथ चालत होते, चुकीचा मेसेज कुठेच नाही. असल्या बिघाडाने माणूस म्हातारा होतो.

२०१० च्या ४.१ मध्ये हे सुधारलं. क्लायंट कनेक्शन उघडतो, सेशन बनवतो आणि सांगतो की माझ्या याच कनेक्शनवरून तू मला उलटे कॉल कर. त्याला बॅकचॅनल म्हणतात. कनेक्शन कोणी उघडायचं हे फायरवॉल ठरवते, कॉल कोणी करायचा हे तुमचं काम ठरवतं. या दोन गोष्टी एकमेकींना बांधल्या की पुढचे सगळे घोळ होतात.


मधली सुट्टी:

खांबांनी सांगितलेलं सगळं मी डब्ल्यूसीएफमध्ये (मायक्रोसॉफ्टची अशाच कॉलांची व्यवस्था) भोगलंय. तिथे डुप्लेक्स कॉन्ट्रॅक्ट असायचा: सर्व्हरचा एक इंटरफेस, क्लायंटने पुरवायचा दुसरा कॉलबॅक इंटरफेस. एचटीटीपीवरच्या ड्युअल बाइंडिंगमध्ये (बाइंडिंग म्हणजे जोडणीचा प्रकार) क्लायंटच्या मशीनवर पोर्ट उघडायचं आणि नॅटपाशी, म्हणजे आतली मशीनं एका बाहेरच्या पत्त्यामागे लपवणाऱ्या राउटरपाशी, सगळं मरायचं. टीसीपीच्या बाइंडिंगमध्ये तेच कनेक्शन उलटं वापरलं जायचं, ते चालायचं.

गंमत अशी की गोठण्याबद्दल ते बरंच प्रामाणिक होतं. मूळ सेटिंगमध्ये सर्व्हिस एका वेळी एकच कॉल हाताळते. त्या कॉलमधूनच तुम्ही क्लायंटला उलटा कॉल करून उत्तराची वाट बघायला गेलात की ६० सेकंद टांगून ठेवण्याऐवजी लगेच एक्सेप्शन यायचं, यातून डेडलॉक (एकमेकांची वाट बघत कायमचं अडकणं) होईल असं सांगणारं. मग आपण सेटिंग 'रीएंट्रंट' करायचं. त्यात उलटा कॉल जाताना सर्व्हिस आपलं लॉक सोडते. म्हणजे तुमच्या हँडलरच्या मधोमध दुसराच कॉल आत येऊन तुमची व्हेरिएबल्स बदलून जाऊ शकतो. मी ओळ १० वर शिल्लक तपासली, ओळ ११ वर क्लायंटला कॉल केला, ओळ १२ वर शिल्लक वेगळीच. चार दिवस गेले त्यात.

अडकित्ता, हँडलर कामगार थ्रेडवर हलवलेत की हे तुमच्याकडेही येणार. लॉक हातात धरून समोरच्याला कॉल करू नका. लॉक सोडा, कॉल करा, परत आल्यावर लॉक घेऊन सगळं पुन्हा तपासा.


अडकित्ता:

खांबकाका, दंडवत. चारपैकी चारही प्रसंग जोडणीनंतरच्या पहिल्या पाच सेकंदांतले निघाले. पैज जिंकलात. मेसेजमध्ये प्रकार घातला, सर्व्हरला विषम आयडी दिले. सर्व्हरवर सगळ्या कनेक्शनांसाठी मिळून आठ कामगार ठेवले. मधली सुट्टी, लॉक धरून केलेले दोन कॉल सापडले, काढले.

दहा दिवस शांततेत गेले. काल कॉन्फिगची नवी आवृत्ती सोडली आणि संपूर्ण सर्व्हर आडवा. सगळेच्या सगळे एजंट. थ्रेड डंप (कोणता थ्रेड काय करतोय याची यादी) काढला तर आठही कामगार 'कॉन्फिग_लाव' च्या उत्तराची वाट बघतायत, वाचणारे थ्रेड मात्र मोकळे. एजंटकडे 'कॉन्फिग_लाव' चा हँडलर सर्व्हरच्या 'सही_तपास' ला कॉल करून थांबलाय, कारण कॉन्फिग खरी आहे का हे तो लावण्याआधी सर्व्हरला विचारतो. आगीतून फुफाट्यात आले म्हणायचं.


जुना खांब:

एक पायरी वर सरकलात. आधी एक थ्रेड स्वतःची वाट बघत होता, आता आठ जण बघतायत. सर्व्हरने एजंटला बोलावलं, एजंटने त्याच कामासाठी उलट सर्व्हरला बोलावलं. 'सही_तपास' ची विनंती सर्व्हरच्या रांगेत पोचलीय, पण ती उचलायला कामगार नाही. आठही जण ज्यांची वाट बघतायत, ते या रांगेतल्या विनंतीवर अडलेले. रोज एकदोन मशीनची कॉन्फिग बदलते तेव्हा सहा कामगार मोकळे असतात आणि निभावून जातं. ३४० एकदम आले की घोडं अडलं. कामगार ८० केलेत तर ८० एजंट एकदम येईपर्यंत बरं वाटेल.

तांत्रिक उपाय म्हणजे वाट बघताना थ्रेड अडवायचाच नाही. तुमच्या भाषेत असिंक-अवेट असेल तर हँडलर तसे लिहा. उत्तराची वाट बघणारा कॉल म्हणजे मग मेमरीतली एक नोंद, थ्रेड दुसरं काम घ्यायला मोकळा. नसेल तर उलट्या कॉलांसाठी वेगळी रांग आणि वेगळे कामगार ठेवा आणि त्यांना पुढे आणखी कॉल करायला बंदी करा.

पण माझं ऐकाल तर आधी तो 'सही_तपास' च काढा. सर्व्हरने पाठवलेली कॉन्फिग खरी आहे का, हे त्याच सर्व्हरला त्याच कनेक्शनवरून विचारून काय सिद्ध होतं? खोटा सर्व्हर "हो, खरी" असंच सांगेल. कॉन्फिगसोबत डिजिटल सही पाठवा, सार्वजनिक किल्ली एजंटमध्ये आधीपासून ठेवा, एजंट तपासणी जागच्या जागी करेल. उलट्यावर उलटा कॉल दिसला की तो बहुतेक वेळा एखादी माहिती आधीच सोबत न पाठवल्यामुळे आलेला असतो.

हे करताय तोवर पुढचे दोन खड्डे सांगून ठेवतो, म्हणजे पुन्हा दहा दिवसांनी भेटायला नको.

पहिला: रांग भरली तर काय? सरळ उत्तर वाटतं की वाचणं थांबवू, टीसीपी आपोआप समोरच्याला रोखेल. एकतर्फी कॉलमध्ये हे बरोबर आहे. दुतर्फी कॉलमध्ये तुम्ही वाचणं थांबवलं की विनंत्यांच्या मागे अडकलेली तुमचीच उत्तरंही वाचली जात नाहीत. समोरच्यानेही तेच केलं तर दोन्हीकडचे बफर भरतात, दोघेही लिहिण्यात अडकतात आणि वाचणारा कोणी उरत नाही. म्हणून रांग भरली तरी वाचत राहायचं आणि जास्तीच्या विनंतीला "आत्ता जागा नाही" असं उत्तर लगेच द्यायचं. त्याहून नीट म्हणजे एकमेकांना आधीच सांगायचं की माझ्याकडे तुझे एका वेळी इतकेच कॉल. एनएफएस ४.१ मध्ये याला स्लॉट म्हणतात. जाणाऱ्या दिशेचे वेगळे, बॅकचॅनलचे वेगळे. त्या स्लॉटचा आणखी एक उपयोग आहे. प्रत्येक स्लॉटमध्ये शेवटचं उत्तर जपून ठेवलेलं असतं, त्यामुळे कनेक्शन तुटून तोच कॉल पुन्हा आला तर काम दुसऱ्यांदा न करता जपलेलं उत्तर दिलं जातं. तुमच्याकडे 'सर्व्हिस_रीस्टार्ट' सारखं काही असेल तर याचा विचार करा. कनेक्शन तुटलं तेव्हा रीस्टार्ट झाला होता की नाही, हे टाइमआउटवरून कधीच कळत नाही.

दुसरा: मेलेलं कनेक्शन. एजंटच्या बाजूची वीज गेली तर सर्व्हरला काहीच कळत नाही. लिनक्समध्ये टीसीपीचं कीपअलाइव्ह चालू केलंत तरी मुळातल्या सेटिंगमध्ये ७२०० सेकंद शांततेनंतर पहिली चाचपणी होते, मग ७५ सेकंदांच्या अंतराने एकूण नऊ. म्हणजे सव्वादोन तासांच्या आसपास. बरं, मेलेल्या कनेक्शनवर तुम्ही कॉल लिहिलात तर लिहिणं यशस्वी होतं! बाइट कर्नलने घेतले, झालं. तो पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि पंधरा मिनिटांच्या पुढे कधीतरी हात टेकतो. तेव्हा स्वतःचा पिंग ("आहेस का?" असा छोटा मेसेज) ठेवा, दोन्हीकडून, २०-३० सेकंदांनी, आणि दोन चुकले की कनेक्शन तोडा. नॅटच्या तक्त्यातली नोंदही त्याने जिवंत राहते. तोच एजंट नव्या कनेक्शनवरून नोंदणी करायला आला तर जुनं कनेक्शन त्याच क्षणी बंद करा आणि त्यावर वाट बघणाऱ्या सगळ्या कॉलांना लगेच "तुटलं" कळवा. नाहीतर बटण दाबणाऱ्याचा कॉल भुताच्या कनेक्शनवर जाईल आणि एजंट मात्र शेजारच्या नव्या कनेक्शनवर ठणठणीत बसलेला असेल.


तिरकस:

मी अजून इथेच आहे. जीआरपीसीबद्दलचं मान्य, मी स्ट्रीमिंगला कॉल समजून बसलो होतो. मग एमक्यूटीटी (ब्रोकर नावाच्या मधल्या सर्व्हरमार्फत मेसेज पोचवायचा प्रोटोकॉल) का नको? पाचव्या आवृत्तीत उत्तराचा टॉपिक आणि जुळणीसाठीचा डेटा दोन्ही मेसेजमध्येच देता येतात. कनेक्शन एजंट उघडतो, नॅटची कटकट नाही.


मधली सुट्टी:

३४० मशीनसाठी एक ब्रोकर आणखी सांभाळायचा. सर्व्हर एकाचे तीन झाले आणि कुठल्या एजंटचं कनेक्शन कुठल्या सर्व्हरवर आहे हा प्रश्न आला, की एमक्यूटीटी मी आनंदाने घेईन. आज नाही.


अडकित्ता:

'सही_तपास' काढला. सही आता कॉन्फिगसोबत जाते, एजंट जागेवर तपासतो. हँडलर असिंक केले, एका एजंटकडे एका वेळी चारच कॉल. पिंग २५ सेकंदांचा. काल रात्री मुद्दाम सगळ्या ३४० ना नवी आवृत्ती एकदम सोडली. सर्वात संथ मशीनला ३.२ सेकंद लागले, बाकी सगळ्यांना एकाच्या आत.

एक राहिलं. हे सगळं आता चालतंय म्हणून दर ३० सेकंदांचा जुना "काही काम आहे का?" काढून टाकावा ना?


जुना खांब:

३० सेकंदांचा १५ मिनिटांचा करा, पण काढू नका. उलटा कॉल हा फक्त धक्का समजा. कॉल गेला, एजंट नेमका तेव्हाच रीस्टार्ट होत होता, सर्व्हरने तीनदा प्रयत्न करून सोडून दिलं, असं एखादं मशीन निघतंच. पंधरा मिनिटांनी त्याने स्वतःहून विचारलं की गाडी रुळावर. पोलिंगचा कोड पुसला नाहीत ना?


अडकित्ता:

पुसला होता. गिटमधून परत आणते.